मदत हवी आहे: लंडन बरो निवडणूक, पासपोर्टवर माहेरचं नाव

७ मे २०२६ ला लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (शहराचे प्रशासकीय विभाग) कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, निवडणूक आहे. मी भारतीय नागरिक, पश्चिम लंडनमध्ये राहते. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव आहे, पण ते सासरचं. भारतीय पासपोर्टवर मात्र माहेरचं. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो, एवढं नक्की. अडचण फक्त नावाची आहे.

कौन्सिलच्या निवडणूक विभागाला ईमेल केली. नाव बदलल्याचा कागद सोबत आणा, असं उत्तर आलं. माझा विवाह नोंदणीचा दाखला नगरपालिकेचा, पूर्ण मराठीत. तो चालेल का, हे परत विचारलं तर निर्णय केंद्राध्यक्षांचा, म्हणाले. ऐन वेळी दारातून परत यायची माझी तयारी नाही.

इथलं ड्रायव्हिंग लायसन्स नाही. ई-व्हिसा ओळखपत्र म्हणून धरत नाहीत. टपाली मतदानाला फोटो लागत नाही हे माहीत आहे, पण आमच्या वॉर्डात तीन जागा, म्हणजे प्रत्येकाला तीन मतं. एकाच पक्षाला तिन्ही देण्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात उमेदवारांना भेटून ठरवायचंय. कचरा, पार्किंग, वाचनालय हे सगळं याच लोकांच्या हाती असतं.

मराठी दाखला आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर दाखवून कुणी इथे मतदान केलंय का? की मोफत मिळणारं व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट (फक्त मतदानासाठीचं फोटो ओळखपत्र) यादीतल्या नावाने काढणं जास्त खात्रीचं? काढलं असेल, तर अर्जात दोन वेगळ्या नावांचा पुरावा म्हणून काय जोडलंत?