व्हायरस गेला, जाताना नेट घेऊन गेला

प्रेषक: अमळनेरकर

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या कामाचं नाही, पण इथे कंप्युटरवाले बरेच आहेत म्हणून विचारते. अमळनेरला आण्णांच्या घरच्या कंप्युटरला व्हायरस लागला होता. भाच्याने कुठूनतरी फुकटचा गेम टाकला आणि ब्राउझर उघडला की जाहिरातीच जाहिराती. बाजारातल्या एका पोराने अँटिव्हायरस फिरवून साफ केलं. आता जाहिराती गेल्या, पण नेटही गेलं. वायफायची खूण पूर्ण दिसते, पान एकही उघडत नाही. आई म्हणते, "लाइट शे, नेट शे, पन काहीच उघडत नही." पोरगा म्हणतो, फॉरमॅट मारू. पण कृषी केंद्राचा सगळा हिशेब त्यातल्या टॅलीत आहे, खरिपाच्या उधारीसकट. विंडोज दहा आहे. इथून फोनवर काही जमेल का?

---

प्रेषक: धुळेकर

ताई, फॉरमॅटची घाई नको. (विप्रो १९४५ साली अमळनेरात सुरू झाली, तेही वनस्पती तुपाच्या धंद्यात. त्या गावात कंप्युटर असा अडून बसतो म्हणजे काय!)

आधी आण्णांचा मोबाइल त्याच वायफायवर चालतो का बघा. चालत असेल तर लाइन आणि राउटर ठीक आहेत, दोष कंप्युटरमध्येच. मोबाइलही अडत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी हात घातलाय, ते प्रकरण वेगळं.

मोबाइल चालतो असं धरून सांगतो. पांझरा नदीच्या फडात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या सामाईक शेतांत, रात्री कुणी पाट फोडून पाणी आपल्याकडे वळवलं, सकाळी पाटकऱ्याने त्याला हाकललं, पण फोडलेली जागा बुजवलीच नाही, तर खालच्या शेतांना पाणी कसं मिळेल? हे व्हायरस तेच करतात. ब्राउझरची सगळी ये-जा स्वतःतून वळवतात. अँटिव्हायरस त्यांची फाइल उडवतो, वळवलेली सेटिंग मात्र तशीच राहते.

म्हणून पहिली झडती प्रॉक्सीची, म्हणजे ब्राउझरची ये-जा मधल्या दुसऱ्या पत्त्यावरून नेणाऱ्या सेटिंगची. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डावीकडे सगळ्यात खाली प्रॉक्सी. तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१ दिसला, तर चोर सापडला. तो पत्ता म्हणजे तोच कंप्युटर. ब्राउझर तिथे जाऊन दार ठोठावतो आणि आत आता कुणी नाही. बटण बंद करायला सांगा.

ते आधीच बंद असेल तर काळी खिडकी. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून, त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. मग पिंग करायचं, म्हणजे समोरचा पत्ता उत्तर देतो का ते बघायचं. आण्णांना सावकाश सांगा: पिंग, स्पेस, आठ पॉइंट आठ पॉइंट आठ पॉइंट आठ. 'रिप्लाय फ्रॉम' आलं, पण गूगल डॉट कॉमला पिंग केल्यावर नाही आलं, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय, बिघडलंय. अ‍ॅडॅप्टरच्या आयपी व्ही-फोर सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिकली'वर न्या. ही जुनी खोड आहे. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने शंभराहून जास्त देशांत सुमारे ४० लाख कंप्युटरचं डीएनएस बदललं होतं. २०११ च्या नोव्हेंबरात टोळी पकडली, पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या सगळ्यांचं नेट गेलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्यांच्या जागी चांगले सर्व्हर लावून ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले!

पिंगच जात नसेल तर विंडोजच्या नेट-जोडणीची सेटिंग मूळपदावर आणायची. त्याच खिडकीत: नेटएसएच, स्पेस, विनसॉक, स्पेस, रीसेट. एंटर, आणि कंप्युटर रीस्टार्ट. टॅलीला यातल्या कशानेच धक्का लागत नाही.

---

प्रेषक: भुसावळचे काका

धुळेकरांचं बरोबर आहे, पण फॉरमॅटवाल्या पोराचंही अगदीच चूक नाही. नेट चालू होणं आणि कंप्युटर स्वच्छ असणं या दोन गोष्टी आहेत. जो प्रोग्रॅम ब्राउझरच्या मध्ये बसला होता, त्याने काय काय वाचलं कुणाला ठाऊक? बेटा, आण्णांना बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आजच बदलायला सांग, तेही मोबाइलवरून. त्या मशीनवर बसून बदलले तर उपयोग नाही. शिवाय विंडोज दहाचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

---

प्रेषक: अमळनेरकर

धुळेकर दादा, प्रॉक्सीच निघाली, तोच १२७ वाला पत्ता! बंद केल्याबरोबर आण्णांनी हवामान आणि बाजारभाव दोन्ही बघून घेतले. पण आज सकाळी कंप्युटर लावला तर बटण परत चालू. आपोआप. आण्णा म्हणतात, मी हात लावला नाही. पासवर्ड मोबाइलवरून बदलून घेतलेत.

---

प्रेषक: धुळेकर

मग काकांची शंका खरी. बटण आपोआप चालू होतंय म्हणजे व्हायरसचा एखादा तुकडा अजून आत आहे आणि कंप्युटर सुरू झाला की तोच सेटिंग परत लिहितो. विंडोज चालू असताना तो लपून राहू शकतो. त्यामुळे विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्समधून 'ऑफलाइन स्कॅन' लावा. दुसरा अँटिव्हायरस असेल तर हा पर्याय कदाचित दिसणार नाही, आधी तो काढावा लागेल. कंप्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज उघडायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. लाइट जायच्या वेळेला लावू नका. त्याआधी टॅलीच्या डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. फक्त डेटा. कुठलाही प्रोग्रॅम किंवा तो गेम त्याच्यासोबत नको.

---

प्रेषक: अमळनेरकर

स्कॅनने एक फाइल पकडून काढली. त्यानंतर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केलं, प्रॉक्सी बंदच राहिली. नेट चालतंय. आण्णांनी तरी ठरवलंय की उधारीचा हिशेब मिटला की फॉरमॅट करून घ्यायचं, तोवर बँक फक्त मोबाइलवर. काका, फॉरमॅटनंतर टॅलीचं लायसन्स परत चालतं का?

---

प्रेषक: भुसावळचे काका

चालतं, पण क्रम सांभाळायचा. फॉरमॅटच्या आधी नेट चालू असतानाच टॅलीमधून लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे या कंप्युटरवरून सोडवून घ्यायचं. नवीन विंडोजवर टॅली टाकलं की त्याच सीरियल नंबरने पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट. त्या पोराला हे आधी सांग, तो थेट सीडी घालून मोकळा होईल.