सोरायसिसची ‘हजार जनुकं’ : जरा थांबा

कुणीतरी लिहिलंय की सोरायसिस या त्वचारोगाच्या चट्ट्यात हजारभर जनुकांचं काम कमी-जास्त झालेलं सापडलं, पी-मूल्य (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आत, म्हणजे सिद्धच झालं. अहो, माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. एकातही फरक नसला तरी ०.०५ ची चाळणी लावली की निव्वळ योगायोगाने हजारेक हाती लागतातच! असे योगायोगाचे निकाल आटोक्यात ठेवायला बेंजामिनी-हॉकबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची १९९५ ची दुरुस्ती आहे, ती बहुतेक जण लावतात. खरा घोळ त्याच्या आधीचा, नमुने मोजतानाचा.

मी नाशिकचा, आमची द्राक्षबाग दिंडोरीकडे. गोडी बघायला रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो. एका प्लॉटचे मणी सकाळी गारव्यात मोजले आणि दुसऱ्याचे दुपारी तापल्या काचेवर, तर फरक प्लॉटचा की उन्हाचा? (वडिलांशी यावरून भांडण झालेलं आहे.) बायोप्सीचंही (तपासायला काढलेल्या त्वचेच्या तुकड्याचंही) तेच. रुग्णांचे नमुने एका बॅचमध्ये (प्रयोगशाळेत एका वेळी केलेल्या गटात) आणि निरोग्यांचे दुसऱ्या बॅचमध्ये केले, की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर तो गुंता सोडवू शकत नाही. त्यापेक्षा त्याच रुग्णाचा चट्टा आणि त्याचीच बरी त्वचा, एकाच बॅचमध्ये, जोडीने ताडून बघावी.

शिवाय चट्ट्यात टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, येऊन बसलेल्या असतात. त्यामुळे एखादं जनुक ‘वाढलं’ म्हणजे केराटिनोसाइट (त्वचेच्या मुख्य पेशी) बदलल्याच असं नाही, पेशींची सरमिसळही बदललेली असते. एकेका पेशीचा आरएनए (कुठलं जनुक किती चालू आहे ते दाखवणारा रेणू) वाचला की हे बरंच उलगडतं. पण तिथेही १०,००० पेशी म्हणजे १०,००० माणसं नव्हेत. सहा जणांच्या बायोप्सी असतील, तर नमुना सहाचाच.