बीटी कापूस: दोष जनुकाचा, की बियाणं ज्यांच्या हातात आहे त्यांचा?

अनघा_वर्धा
बीटी वांगं (अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं) किंवा जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, मोहरीचा विषय निघाला की चर्चा ‘खाल्लं तर काय होईल’ इथेच अडते. माझा प्रश्न आधीचा आहे: बी कोणाच्या हातात राहणार? कापसाचं काय झालं ते बघा. (तोही खाण्यातच येतो, सरकीचं तेल आपल्याला आणि पेंड म्हशीला.) मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दोन बीटी जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. आणि २०१७ मध्ये विदर्भात हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. आता ताटातल्या पिकांची किल्लीही बियाणं कंपन्यांनाच द्यायची?

अकोटचा_शेतकरी
ताई, २००२ च्या आधीचं तुम्ही सोडूनच दिलं. अमेरिकन बोंडअळीसाठी लोक एकावर एक फवारण्या मारायचे, तरी पऱ्हाटी (कापसाचं पीक) हातची जायची. ती अळी बीटीनं आवरली. गुलाबी अळीला बळ मिळालं ते नॉन-बीटीच्या ओळी (तिथे विषाला न सरावलेल्या अळ्या टिकतात) कोणी लावल्या नाहीत आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक, मार्चपर्यंत वावरात उभी राहिली म्हणून. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं अकोली जहांगीरला मंजुरी नसलेलं एचटीबीटी (तणनाशक मारलं तरी न मरणारं बीटी) उघडपणे पेरलं. निंदणाला बाया मिळत नाहीत, हे त्यामागचं दुखणं आहे. बंदीनं काय साधलं? चोर बीटी. पाकिटावर नाव नाही, पावती नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करायची?

सरळ_वाण
दोघांचं अर्धं बरोबर आहे. दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं ते जनुकामुळे नाही, दोन वाणांच्या संकरामुळे. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत आहे, म्हणजे ज्यांचं बी राखून पेरलं तरी पीक तसंच येतं. आपल्याकडे जवळपास सगळं संकरित. त्याची सरकी राखून पेरली तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, त्यामुळे कंपनीला पेटंटचीही गरज उरत नाही. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत बीटीचं विष असतं, काहींत नसतं. त्यातून अळी ते विष पचवायला लवकर शिकते. वरून वाण लांब मुदतीचे, म्हणजे अळीला जानेवारीपर्यंत खायला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणलं होतं, पण त्यात मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या जनुकाचा अंश सापडला आणि ते मागे घ्यावं लागलं. तिथे आपली वाट चुकली.

अकोटचा_शेतकरी
सरळ वाण द्या, मी पहिला पेरतो. पण नवीन काही आणणार कोण? २०१६ पासून सरकारनं पाकिटाचा भाव बांधला, २०२० मध्ये जनुकासाठी कंपनीला मिळणारी रॉयल्टी शून्यावर आणली. पुढच्या पिढीच्या बियाण्याचा अर्ज महिको या बियाणं कंपनीनं २०१६ मध्येच मागे घेतला. भाव उतरला हे चांगलंच, पण आम्ही २००६ च्या बियाण्यावर अडकलो त्याचं काय?

अनघा_वर्धा
दादा, आणावं विद्यापीठांनी, त्यासाठीच तर ती आहेत. बांगलादेशानं २०१३ मध्ये बीटी वांगं मंजूर केलं. जनुक महिकोचं, पण वाण तिथल्या सरकारी संस्थेचे आणि सरळ, म्हणून शेतकरी घरी बी राखू शकतो. आपल्याकडे मात्र डीएमएच-११ ही जीएम मोहरी दिल्ली विद्यापीठात सरकारी पैशातून तयार झाली, तरी संकरितच! माझा विरोध याला आहे. मंजुरी देतानाच अट घाला: बी राखता आलं पाहिजे.

अकोटचा_शेतकरी
ही अट मान्य. पण मग शेतचाचण्या तरी अडवू नका. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं उद्या असं वाण केलं, तरी चाचणीला राज्याची ना हरकत लागेल. तेव्हा तुमची मंडळी सही करा म्हणतील, की पुन्हा मोर्चा आणतील?

अनघा_वर्धा
वाण विद्यापीठाचं, सरळ, आणि चाचणीचे आकडे सगळ्यांना खुले असतील तर सही करा असं मी स्वतः म्हणेन. कंपनीच्या संकरासाठी मात्र मोर्चात पहिल्या रांगेत असेन.