शब्दचर्चा: पेशीपटल, पेशीआवरण की पेशीभित्तिका?

प्रश्न

आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांसाठी, जुलाब आणि ओआरएस या विषयावर छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. 'सेल मेंब्रेन'वर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ थराच्या नावावर, गाडी अडली. कुठे पेशीपटल, कुठे पेशीआवरण, कुठे पेशीभित्तिका असं वाचलं. मुलाच्या आठवीच्या पुस्तकात प्रद्रव्यपटल आहे. मराठी विश्वकोशात तर पेशीलाच कोशिका म्हटलंय. हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का? मी कुठला घेऊ?

उत्तर

ताई, सगळे एक नाहीत. त्यातला भित्तिका हा शब्द तर तुमच्या पुस्तिकेत येताच कामा नये, कारण माणसाच्या पेशीला भित्तिका नसतेच. ती वनस्पतींना असते, बुरशीला असते, बहुतेक जिवाणूंना असते. वनस्पतीत ती सेल्युलोजची, टणक. आपल्या आतड्याच्या पेशीला बाहेरून असतं ते फक्त पटल.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. हा गोंधळ फळ्यावर कधी सुटला नाही, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन मिनिटांत सुटायचा. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल अलगद सोलून काचपट्टीवर ठेवायची. भिंगातून विटा रचल्यासारखे जांभळे चौकोन-षटकोन दिसतात, काठोकाठ भरलेले. मग कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. बघता बघता जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, आकसतो, आणि मधोमध गोळा होऊन बसतो. विटांची चौकट मात्र जागची हलत नाही. ती चौकट म्हणजे भित्तिका. जांभळ्या गोळ्याची जी कड, ती पटलाची हद्द. पटलाची जाडी 7-8 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत सुमारे 10,000 पटलं मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते स्वतः दिसणं शक्य नाही, पण ते कुठवर आहे हे त्या कडेवरून कळतं. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या भित्तिकाच होत्या. आत जिवंत काही उरलंच नव्हतं.

आता आवरण. हा शब्द चूक नाही, पण अपुरा आहे. आवरण म्हणजे झाकणारं, वेढणारं. पेशीच्या आतही पटलं असतात आणि ती सगळी काही झाकायला नसतात. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) या पेशीतल्या भागाचं आतलं पटल घड्याघड्यांचं असतं आणि ऊर्जा तयार करण्याचं मोठं काम त्याच घड्यांवर चालतं. त्याला आवरण कसं म्हणणार? आवरणातून जागा कळते, पटल हे वस्तूचं नाव आहे. शिवाय दृष्टिपटल, कर्णपटल, श्वासपटल यांमुळे तो शब्द आपल्या कानाला सरावाचा आहे. प्रद्रव्यपटल आणि पेशीपटल मात्र एकच. तुम्ही पेशीपटल घ्या.

कोशिका हाही चांगला शब्द आहे. हिंदीत तोच चालतो, कारण तिथे मांसपेशी म्हणजे स्नायू. मराठीत मात्र स्नायूला स्नायू हा वेगळा शब्द असल्यामुळे पेशी मोकळी राहिली आणि शाळेतून घरोघर पोचली. त्यात बारीक रक्तवाहिनीला आपण केशिका म्हणतो. एका मात्रेच्या फरकाचे दोन शब्द एकाच पुस्तिकेत आले तर वाचणारीचा नक्की घोटाळा होईल.

पटलाला घरगुती शब्द म्हणून पापुद्रा सुचवला जातो. मला तो पटत नाही. अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा आठवा: कोरडा, धरून सोलता येणारा. पेशीपटल तसं नाही, ते आमटीवरच्या तवंगाच्या जवळचं आहे. 1925 मध्ये हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे पटल दुपदरी. दोन्ही पदरांतल्या रेणूंची पाणी मानवणारी डोकी बाहेर, पाण्याकडे, आणि पाणी न मानवणारी शेपटं आत, एकमेकांकडे. 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जुळवली. दोघींच्या पटलांतली प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी खुणावली होती. सुमारे 40 मिनिटांत ती सगळीकडे मिसळून गेली. तवंगावरचे मिरचीचे कण सरकतात ना, तसं. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या चित्राचा गाभा हाच: मेदाचा वाहता दुपदरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. पारिभाषिक शब्द पटलच राहू द्या, पण समजावताना तवंग म्हणा.

पुन्हा प्रश्न

मॅडम, तवंग लगेच कळला. पण मग ओआरएसमधलं मीठ आणि साखर त्या तेलकट थरातून आत कशी जातात? आणि जुन्या पुस्तकांतलं 'अर्धपार्य (सेमिपर्मिएबल) पटल' वापरलं तर चालेल का?

उत्तर

अर्धपार्य नको. अर्धं कशाच्या? त्या शब्दाने चाळणी डोळ्यांपुढे येते: लहान कण खाली, मोठे वर. पटल तसं वागत नाही. मिठातल्या सोडियमचा आयन (विद्युतभारित कण) इवलासा, तरी मेदाच्या थरातून त्याला जवळजवळ वाट नाही. ग्लुकोज ही साखर त्याहून मोठी, पण योग्य प्रथिन असेल तर सहज जाते. बालभारतीचा 'निवडक्षम' हा शब्द म्हणूनच मोलाचा, कारण त्यात निवड आहे.

ओआरएस या निवडीवरच उभं आहे. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन असतं, ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतं. ही जोडी लागते. नुसत्या मिठाने हे दार उघडत नाही. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर लोटतं, पण या प्रथिनाला धक्का लावत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरं पडल्यावर मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 3.6 टक्क्यांवर आलं.

'पाणी ओढलं जातं' हे मी मुद्दाम लिहिलं. शाळेत परासरण म्हणतात. विश्वकोशात तर्षण आहे, तर्ष म्हणजे तहान, आणि मला तो शब्द फार आवडतो. पण आशाताईंना दोन्ही नकोत. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, हे त्यांना तुमच्या-माझ्याआधी माहीत आहे. तेच उलट बाजूनेही सांगा: द्रावणात साखर जास्त पडली तर आतड्यात तीच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, वरून साखर नाही.

मी असं लिहीन: "आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवती तेलाच्या तवंगासारखं पातळ पटल असतं. ते मीठ आणि साखर जोडीने आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं." पहिल्यांदा पेशीपटल हा पूर्ण शब्द ठळक छापा, पुढे नुसतं पटल चालेल. आणि तो शब्द नपुंसकलिंगी ठेवा, ते पटल, ती पटलं. परवाच एका पत्रकात 'पेशीचा पटल' वाचलं आणि पडदा शब्द खोडून तिथे पटल चिकटवलाय हे लगेच दिसलं.