सल्ला हवा आहे: विद्यार्थ्यांच्या डिझाईनमधून आवारातला छोटा मंडप निवडायचा आहे, परीक्षण कसं करावं?

वर्गाबाहेर
नमस्कार मंडळी,
आमच्या महाविद्यालयात ग्रंथालयाशेजारच्या मोकळ्या जागेत एक छोटा मंडप बांधायचं ठरलं आहे. छत साधारण २० चौरस मीटर, खाली पंधरा-वीस जणांना बसता यावं, तासांच्या मधल्या वेळात मुलांनी वाचावं, गप्पा माराव्यात. डिझाईन विद्यार्थ्यांनीच करायचं आणि ते पर्यावरणाला जपणारं असावं, एवढीच अट होती. प्रवेशिका आल्या आहेत आणि मुलांनी खरोखर जीव ओतून काम केलं आहे. एकात बांबू आणि मातीच्या भिंती आहेत, एकात भंगारातले लोखंडी पाइप वापरले आहेत, एकात छतावर बाग आहे, एकात सगळं छतच सौर पॅनेलचं आहे.

परीक्षकांमध्ये माझं नाव आहे. मी अर्थशास्त्र शिकवते, बांधकामातलं मला फारसं कळत नाही. सध्याचा गुणतक्ता असा आहे: नावीन्य ३०, सौंदर्य ३०, पर्यावरण ४०. हे वाटप मला पटत नाही, पण बदलायचं तर काय आणि कसं, ते सुचत नाही. बांबूची तुलना जुन्या लोखंडाशी कशी करायची? मॉडेल सुंदर असलं की मन तिकडेच झुकतं, त्याचं काय करायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. निवडलेलं डिझाईन खरंच बांधलं जाणार आहे, त्यामुळे निवड चुकायला नको असं मनापासून वाटतं.

ओळंबा
खरंच बांधलं जाणार आहे ना? मग गुणांच्या आधी एक गाळणी लावा. हे उभं राहील का, याला गुण देऊ नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असू द्या, आणि ते एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या.

छोट्या मंडपात लोक छताच्या वजनाची काळजी करतात. चारी बाजूंनी उघड्या आणि हलक्या छताला खरा धोका वाऱ्याचा असतो. वारा खालून छत उचलतो आणि वरून ओढतो. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग मीटर प्रति सेकंदात धरायचा, दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतो. वादळात वारा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर झाला, तर दाब ५४० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५५ किलो. तुमच्या २० चौरस मीटरच्या छताला वर उचलणारं बळ ढोबळमानाने १,१०० किलो होतं. चार खांब असतील तर प्रत्येक खांबाच्या पायाने पावणेतीनशे किलो धरून ठेवायला हवेत. छताच्या आकाराप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो, आणि वेग तुमच्या भागासाठी ठरवून दिलेला घ्यायचा, पण अंदाज यायला एवढं पुरे.

आता प्रवेशिकांमधला पाया बघा. 'कमीत कमी सिमेंट' म्हणून खांब नुसते मुरुमात रोवलेले दाखवले असतील तर मुलांना विचारा की छत कशाने धरून ठेवलंय. जाळीत दगड भरून वजन देता येतं, स्क्रूसारखे फिरवून जमिनीत घालायचे लोखंडी पाइल असतात, जोत्यातच बसायचे जड कट्टे बांधून खांब त्यात अडकवता येतात. ज्या गटाने याचा विचार केलाय तो गट मला सौंदर्याच्या ३० गुणांपेक्षा जास्त भावेल.

पागोळी
ओळंबांशी सहमत. मी वास्तुरचनेच्या बाजूने लिहिते.

बांबू चांगला की लोखंड, असा प्रश्नच ठेवू नका. तोच बांबू एका डिझाईनमध्ये पंचवीस वर्षं टिकेल आणि दुसऱ्यात दोन वर्षांत कुजेल. प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीला टेकला तर एक ते तीन वर्षांत कामातून जातो. बांबूत स्टार्च असतो, त्यावर भुंगा येतो, म्हणून तीन ते पाच वर्षांचा पक्व बांबू घेऊन त्याला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करतात. पण ही रसायनं पाण्यात विरघळतात. पावसात उघड्या राहिलेल्या बांबूतून ती हळूहळू धुऊन जातात. म्हणून चित्रात तीन जागा बघा: बांबू जोत्यापासून किती वर उचललाय, वळचण किती बाहेर आलीय, आणि खांबाचं टोक उघडं आहे का. सांधा गाठीजवळ आहे की मधल्या पोकळ भागात, हेही बघा. मधोमध भोक पाडून बोल्ट आवळला की बांबू चिरतो. ही एवढी तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

मातीच्या भिंतींचंही तसंच. बांगलादेशातल्या रुद्रपूरची 'मेटी' शाळा माती आणि बांबूची आहे, तिला २००७ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिचा पाया मात्र विटांचा आहे आणि त्यावर ओल अडवणारा थर आहे. ज्या गटाने भिंत थेट जमिनीतून वर काढली असेल त्यांना हे उदाहरण दाखवा.

सिमेंटबद्दल: जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला साधारण ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. त्यातला निम्म्याहून अधिक इंधनातून येत नाही, चुनखडी भाजताना दगडातूनच बाहेर पडतो. म्हणून सिमेंट कमी करणं योग्यच आहे. पण पायात वापरलेल्या थोड्या सिमेंटमुळे वरचा मंडप वीस वर्षं टिकत असेल तर त्या गटाचे गुण कापू नका. मला उलट दर काही वर्षांनी अर्धा बदलावा लागणारा मंडप जास्त खटकतो, मग तो कितीही नैसर्गिक असो.

भंगारातले पाइप वापरणाऱ्या मुलांचं कौतुक आहे, नवीन लोखंड बनवणं वाचतं. त्यांना दोनच गोष्टी विचारा: आतून गंज किती खाल्लाय हे कसं तपासणार, आणि सांधे वेल्डिंगचे की बोल्टचे? पाइपवर जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंग करताना होणारा धूर घातक असतो, विद्यार्थी स्वतः काम करणार असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. बोल्टचे सांधे असले तर उद्या मंडप सोडवून दुसरीकडे उभा करता येतो, पाइप पुन्हा वापरता येतात. याला वेगळे गुण ठेवा.

वर्गाबाहेर
किती नेमकं लिहिलंत दोघांनी! सांध्यांचं आणि वळचणीचं आजच बघते.
छतावरची बाग आणि सौर छत यांचं काय करू? ही दोन्ही मॉडेल सगळ्यात देखणी आहेत आणि बाकीच्या परीक्षकांना तीच आवडली आहेत.

ओळंबा
बागेचं गणित सोपं आहे. १० सेंटिमीटर मातीचा थर पाणी पिऊन चौरस मीटरला १०० ते १५० किलो भरतो. २० चौरस मीटरला २ ते ३ टन. वाऱ्याने छत उडणार नाही हा फायदा आहे, पण एवढं वजन उंचावर आणि खाली सडपातळ खांब, म्हणजे भूकंपात किंवा जोराच्या धक्क्यात ते डोलणार. खांब-तुळया जाड कराव्या लागतील, त्यात सामान वाढेल, आणि सामानाबरोबर कार्बनही. मुलांनी ते वजन धरलंय का, एवढंच तपासा. धरलं असेल तर उत्तम काम आहे.

सौर छताबद्दल विचारा की वीज कशासाठी हवी. १० वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास चालवला तरी ५० वॅट-तास लागतात, त्याला एक छोटं पॅनेल पुरतं. सगळं छत पॅनेलचं करायचं तर ती वीज जवळच्या इमारतीला जोडली पाहिजे. आणि जागेवर झाडांची सावली किती आहे ते दुपारी उभं राहून बघा. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, थोडी सावली पडली तरी वीज बरीच जास्त घटते.

उंबरठा
मी व्हीलचेअर वापरते, म्हणून या धाग्यावर लिहितेय. वर कुणी हा मुद्दा काढला नाही.

पाण्यापासून वाचायला जोतं उंच करा, हे बरोबर आहे, पण मग मी वर कशी येणार? उतार १ : १२ पेक्षा चढा नको, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. छोट्या जागेत तो मावतो का, हे नकाशावर दिसायलाच हवं. बऱ्याच मुलांच्या चित्रात रॅम्प नंतर चिकटवल्यासारखा मागच्या बाजूला असतो. आत व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आणि बाकांच्या रांगेतच एक जागा रिकामी ठेवलेली असावी, म्हणजे मैत्रिणींच्या शेजारी बसता येतं. कोपऱ्यात वेगळी जागा देऊ नका.

हाही मुद्दा ओळंबांच्या गाळणीत टाका. इथे अर्धे गुण देण्यासारखं काही नाही.

पागोळी
उंबरठा, मनापासून पटलं. पाण्याचा निचरा नीट केला तर जोतं १५ सेंटिमीटरवर भागतं, मग रॅम्प १.८ मीटरचाच. ज्या गटाने हे दोन्ही जुळवलंय तो गट शोधा.

पाण्यावरून आठवलं. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. तुमच्या छतावर २५ मिलिमीटरची एक सर आली तर ५०० लिटर. पन्हळ नसेल आणि सगळं छत एकाच बाजूला उतरतं असेल तर ते सगळं पाणी एका रेषेत पडून जमीन खणतं, आणि चिखलाचे शिंतोडे बाकावर येतात. 'पर्जन्यजल संधारण' असं लिहिलेला निळा बाण बऱ्याच चित्रांत असतो. तो बाण कुठे जाऊन संपतो ते बघा.

एका मुद्द्यावर मात्र ओळंबांशी माझा मतभेद आहे. गाळणीत अडकलेलं डिझाईन लगेच बाद करू नका. ही विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. त्रुटी लेखी कळवा, आठवडाभर द्या, सुधारून आणू द्या. चूक दाखवल्यावर गट काय करतो, त्यातूनही खूप कळतं.

ओळंबा
मान्य. फक्त सगळ्या गटांना सारखीच मुदत द्या.

तराजू
गुण कसे मोजावेत यावर थोडं लिहितो, कारण चांगले निकष असूनही निकाल इथे बिघडतो.

समजा तीन परीक्षक आहेत. पहिल्याने 'अ' डिझाईनला ७५ आणि 'ब'ला ६५ दिले. तिसऱ्याने ७४ आणि ६६. दुसरे परीक्षक दोन गुणांत मोठं अंतर ठेवणारे, त्यांनी 'अ'ला ६० आणि 'ब'ला ९०. बेरीज केली तर 'अ' २०९, 'ब' २२१. तिघांपैकी दोघांना 'अ' सरस वाटलं आणि जिंकलं 'ब'. म्हणून प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून आधी क्रम लावा आणि क्रमांची बेरीज करा. पहिल्या दोनांत अटीतटी झाली तर बसून चर्चा करा, आकड्यांवर सोडू नका.

शक्य तिथे मोजा, उरलेल्यावर मत द्या. 'सोलर डेकॅथलॉन' ही सौरऊर्जेवर चालणारी घरं बांधण्याची विद्यापीठांची स्पर्धा २००२ साली वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा झाली. त्यात दहा वेगवेगळे विभाग होते, काहींचे गुण मोजमापावरून मिळायचे आणि काहींचे परीक्षक ठरवायचे. तुमच्याकडेही सिमेंट किती पोती, नवीन सामान किती आणि जुनं किती, दुपारी चार वाजता बाकांवर किती सावली, हे सगळ्या गटांकडून एकाच तक्त्यात भरून घ्या. चारची सावली मुद्दाम म्हटली. कललेलं ऊन छताखालून आत येतं, ते छत वाढवून अडत नाही, पश्चिमेला उभा आडोसा लागतो.

मॉडेलच्या मोहाबद्दल विचारलंत. प्रत्येकाने आधी नकाशे आणि तक्ता बघून एकट्याने गुण लिहून द्यावेत, नावं झाकलेली असावीत. मॉडेल त्यानंतर बघावं. आणि आपल्या हाताखालच्या गटाला कुणी गुण देऊ नयेत.

हिरवळ
मी एका शैक्षणिक संस्थेच्या बागेचं काम बघतो. परीक्षकांत माळी किंवा सफाई कर्मचारी कुणी आहे का? नसेल तर एकाला घ्या, आणि त्यांच्या मताला बाकीच्यांइतकंच वजन द्या. मंडप उभा राहिला की तो रोज त्यांच्याच हातात असणार. बाकाखाली झाडू जातो का, पन्हळीतला पाला काढायला शिडी कुठे लावायची, बांबूला दर वर्षी तेल-पॉलिश कोण करणार, छतावरच्या बागेला कडक उन्हात पाणी कसं चढवायचं, हे प्रश्न त्यांना एका नजरेत सुचतात. प्रत्येक गटाकडून एक पान मागून घ्या: देखभालीचं काम कोणतं, किती दिवसांनी, कोण करणार, कोणती अवजारं लागतील. ज्यांना हे पान लिहिता येत नाही त्यांचं डिझाईन पर्यावरणाला जपणारं आहे असं मी तरी म्हणणार नाही, कारण दोन वर्षांनी ते मोडकळीला येऊन उचलून टाकावं लागतं.

दुसरं, झाडं. मोठ्या झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली पाया खणला की अन्न-पाणी घेणारी मुळं तुटतात, ती बहुतेक जमिनीच्या वरच्या थरातच असतात. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी एकेक फांदी वाळू लागते. नकाशावर झाडाचा नुसता बुंधा दाखवलेला असेल तर पूर्ण घेर काढायला सांगा आणि मग खांब कुठे येतात ते बघा.

वर्गाबाहेर
हिरवळ, आमच्याकडे माळीकाकांना कुणी विचारलंच नव्हतं. उद्याच बोलते त्यांच्याशी.

बाकीच्या परीक्षकांपुढे असं मांडणार आहे: इंजिनिअरची तपासणी आणि व्हीलचेअरची सोय या दोन अटी, त्रुटी असतील तर सगळ्यांना सुधारायला आठवडा. मग देखभाल ३०, सामान आणि सांधे ३०, ऊन-पाऊस-झाडं २५, रूप १५. नावीन्याला वेगळे गुण नाहीत. हे चालेल का? आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांना काय सांगावं?

पागोळी
वाटप छान आहे. रूपाला २० करा, सामानाचे ५ कमी करा. कुरूप मंडपात कुणी बसत नाही, आणि ज्यात कुणी बसत नाही त्याची निगाही राखली जात नाही.

निवड न झालेल्या प्रत्येक गटाला अर्धं पान लेखी द्या: नकाशातली कोणती एक गोष्ट चांगली वाटली आणि कोणता एक सांधा किंवा कोपरा पुन्हा काढायला हवा. नुसतं 'उत्तम प्रयत्न' लिहू नका. आणि बांधकामात त्यांना सामील करून घ्या. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाचा 'रूरल स्टुडिओ' १९९३ पासून हेच करतोय, विद्यार्थी डिझाईन करतात आणि स्वतःच्या हातांनी बांधतात. भंगाराचे पाइप तपासायला त्या गटाची मुलं, पाण्याच्या पन्हळीला दुसऱ्या गटाची. जिंकलेल्या गटाला आधीच सांगून ठेवा की त्यांच्या डिझाईनमध्ये इतरांच्या चांगल्या गोष्टी येतील, म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

तराजू
यात एक भर: हे नवीन वाटप सुधारणेची मुदत सुरू व्हायच्या आधी सगळ्या गटांना लेखी कळवा. मुलांनी जुन्या तक्त्याप्रमाणे नावीन्यावर मेहनत घेतली आहे, त्यांना बदल आधी कळायलाच हवा.