अंगणवाडीला रंग नको, माणूस द्या: ग्रामपंचायतीचे १० टक्के कुठे घालावेत?

पंचगंगाकाठ
गावोगावी अंदाजपत्रकं जुळवायला घेतली की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याणावर खर्चायच्या १० टक्क्यांचा विषय निघतो. उत्तर ठरलेलं असतं: भिंतीवर फळांची चित्रं, प्लॅस्टिकची घसरगुंडी, फार तर टीव्ही. माझं म्हणणं, हा पैसा माणसावर घाला.

हिशेब बघा. पूरक आहाराचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले की २,४०० झाले. शिकवायच्या साहित्याच्या संचाला वर्षाला ५,००० रुपये, तेही अख्ख्या अंगणवाडीला. पटावर २५ मुलं असली तर डोई २००. म्हणजे खाण्याला बारा हिस्से आणि शिकण्याला एक. आहार कमी करा असं कोणी म्हणत नाही, पण उरलेली बाजू कुणी तरी उचलायला हवी.

संच असून तरी काय होतं? सकाळी गोष्ट रंगात आलेली असते, तेवढ्यात घरी न्यायचा आहार घ्यायला गरोदर बाई येते. सेविका मोबाइल काढते, पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप उघडते, बाईला उजेडाकडे तोंड करून उभी करते. चेहरा जुळत नाही, पदर मागे घ्या, परत. मदतनीस ताटं मांडतेय. तोवर एकाच्या नाकात मणी गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी मण्यांचा डबा कपाटात जातो आणि वर्षभर तिथंच राहतो.

ज्या गावाचं स्वउत्पन्न २० लाख, त्याचे १० टक्के म्हणजे २ लाख. तीन अंगणवाड्यांना एकेक बालशिक्षिका, रोज ३ तास, महिना ५,०००, वर्षातले १० महिने: दीड लाख. उरलेल्या पन्नास हजारांत साहित्य. नवीन शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा मानतं, आणि त्यातली पहिली तीन वर्षं आपण ताटवाढीत घालवतोय.

आकडेमोड
हिशेब बरोबर, गाव चुकीचं. २० लाख स्वउत्पन्न कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या एमआयडीसीलगतच्या गावांना शोभतं. गगनबावडा, चंदगडकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न २ लाख धरा. त्याचे १० टक्के २० हजार, म्हणजे एका बाईचे चार महिने. ज्या गावाला गरज कमी त्याला शिक्षिका, आणि गरज जास्त त्याला घसरगुंडीसुद्धा नाही.

वित्त आयोगाकडे बोट दाखवू नका. १५व्या आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, आणि मोकळ्या ४० टक्क्यांतूनही पगार-आस्थापना चालत नव्हती. राहिला स्वनिधी. घरफाळा, पाणीपट्टी वसूल होते मार्चमध्ये, दाखले अडवून. शिक्षिका लागते जूनमध्ये. ऑगस्टपर्यंत तिजोरीत खडखडाट, आणि दोन महिने मानधन थकलं की ती बाई येणार नाही. मुलांना लळा लावून मध्येच सोडणं हे न नेमण्यापेक्षा वाईट.

शिवाय आस्थापनेवर ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू धरली. पाच वर्षं सलग नेमलेली बाई उद्या हक्क मागेल, आणि तो तिचा हक्कच असेल. सरपंच तेव्हा दुसरा असेल.

पंचगंगाकाठ
@आकडेमोड, थेट नेमणूक करायला कोण सांगतंय? उमेदच्या ग्रामसंघाशी, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाशी, १० महिन्यांचा सेवा करार करा, आस्थापनेत येत नाही. ऑगस्टच्या खडखडाटावर उपाय: एप्रिलमध्येच चार महिन्यांची रक्कम ग्रामसंघाच्या खात्यावर. छोट्या गावांचा मुद्दा मान्य. तिथं जिल्हा परिषदेने आपल्या सेस फंडातल्या (स्वउत्पन्नातल्या) १० टक्क्यांतून भर घालावी. आज ते पैसे शिलाई मशीन आणि सायकलींत जातात.

राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या जिल्ह्यात ५,००० रुपयांवर अडायचं?

आकडेमोड
शाहू महाराजांचं नाव काढलं की वाद मिटला असं कोल्हापुरात समजतात. तो हुकूम दरबारचा होता, गावचावडीचा नव्हता, हाच तर माझा मुद्दा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ वाचा: ३ ते ६ वयासाठी शासन व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' नाही. गावाने खिशातून घातलं की त्या 'शकेल'ला कायमची सुट्टी.

आणि ग्रामसंघाचा करार म्हणजे नाव बदलून तीच नोकरी.

रंकाळावेस
कोल्हापूर शहराचं कुणी बोलेना. इथं अंगणवाड्या नागरी प्रकल्पाच्या, म्हणजे राज्याच्या. महापालिकेला प्राथमिक शिक्षण कायद्याने बंधनकारक, त्याखालचं मर्जीवर. घरफाळ्याच्या बिलात आपण शिक्षण कर भरतो, तो १९६२च्या कायद्याने गोळा होऊन राज्याकडे जातो. त्यामुळे 'घरफाळा भरलाय, बालवाडी द्या' हे भांडण महापालिकेच्या दारात करून उपयोग नाही.

शहरात खरी अडचण जागेची. सरकार देतं त्या भाड्याला मर्यादा आहे. अंगणवाडीला ६०० चौरस फूट लागतात. एवढ्या भाड्यात पेठेत कुठं मिळतात ते दाखवा. मिळते ती जिन्याखालची खोली, संडास घरमालकाचा, दुपारी बाराला कुलूप. महापालिकेने पैसे देऊच नयेत. पट घटलेल्या शाळांतल्या रिकाम्या वर्गखोल्या द्याव्यात, संडास-पाण्यासकट. तिथली मुलं पुढं त्याच शाळेत पहिलीला बसतील, शाळेचाही फायदा. जरगनगरच्या महापालिका शाळेत पाडव्याला प्रवेशासाठी झुंबड उडते. मराठी शाळा चांगली दिसली तर पालक येतात.

शिरोळकर
खोल्यांवरून आठवलं. अंगणवाडीच्या नवीन इमारतीचं गणित आजवर १२ लाखांचं: ८ मनरेगा, २ वित्त आयोग, २ महिला-बालविकास. कागदावर झकास. पण मनरेगात आजवर मजुरी ६० टक्के आणि साहित्य ४० टक्के हे प्रमाण सांभाळावं लागलंय, आणि इमारत म्हणजे सिमेंट-सळई. मजुरीची कामं तेवढी निघाली नाहीत तर साहित्याचं बिल लटकतं. काम लिंटलपर्यंत येतं, सळया वर, पोरं देवळात. स्वनिधीतून आधी हे अडकलेलं बिल सोडवा.

नदीकाठच्या गावांना एक सांगणं, कुठल्याही बाजूने वाद घाला पण प्लायवूडचं कपाट घेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गावांत प्लाय फुगून दारं लागेनात. लोखंडी मांडणी, सर्वांत खालचा कप्पा रिकामा, वजनकाटा आणि रजिस्टरं वरच्या फळीवर.

आणि नोव्हेंबर ते मार्च फडावरच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या, पोरांना कुठं बसवणार? नाव बीडच्या अंगणवाडीत, पोरगं आमच्या उसात. ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घेतल्याशिवाय आहार मिळत नाही. तुमची ३ तासांची बाई या चार-पाच महिन्यांत कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) आली, तर माझं मत तुमच्या बाजूला.

पंचगंगाकाठ
@शिरोळकर, फडावरचं कलम करारात घालता येईल, आठवड्यातून दोन दिवस सकाळी तिकडे. ग्रामसभेआधी महिला सभेत ठराव घ्यायचा, तिथं झाला की ग्रामसभेत सहसा कुणी हात वर करत नाही. अंदाजपत्रक जानेवारीत, त्यामुळे डिसेंबर गाठायला हवा.

आकडेमोड
ठराव होईल. एप्रिलमध्ये ग्रामसंघाच्या खात्यावर किती जमा झाले ते इथं येऊन लिहा, मग पुढचं बोलू.