कॉम्प्युटर रखडतोय, डीफ्रॅग लावू का?

नमस्कार मंडळी,
घरचा डेस्कटॉप, विंडोज ११, १ टीबीची डिस्क. सुरू केल्यावर बराच वेळ टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. सी ड्राइव्हवर ४० जीबी मोकळे आहेत. रात्रभर डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) लावून ठेवू का?

———

ताई, आज नको. आधी डिस्क कुठली ते बघा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'डिस्क ०'खाली एचडीडी (फिरत्या तबकडीची डिस्क) की एसएसडी (चिपवाली) ते लिहिलेलं असतं. एसएसडी असेल तर डीफ्रॅगचा विषयच मिटला. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे फाइलचे तुकडे विखुरले तरी फारसं बिघडत नाही. वर फुकटच्या लिखाणाने झीज मात्र होते. तिला लागतं ते ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणं), आणि ते विंडोज आपणहून करतं. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये शेड्यूल चालू आहे ना, एवढंच पाहा.

एचडीडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवतं, फुकट मिळतं) उघडून ०५ (खराब म्हणून बदललेले भाग), सी५ आणि सी६ (नीट वाचता न येणारे भाग) या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, वाचा. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल, किंवा ०५ वाढत चाललं असेल, तर बाकी सगळं सोडून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डीफ्रॅग म्हणजे ढीगभर फाइली उचलून दुसरीकडे मांडणं. आजारी डिस्क त्यातच मान टाकते.

डिस्क धडधाकट निघाली तरी ४० जीबीत भागायचं नाही. डीफ्रॅगला साधारण १५ टक्के जागा मोकळी हवी, म्हणजे तुमच्याकडे १४० जीबी. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून साफसफाई करा. तिथे 'डाउनलोड्स'चीही चौकट असते. सरसकट टिका मारत गेलात तर पासपोर्टचे स्कॅनही जातील! विनएसएक्सएस हा विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर कितीही फुगलेला दिसला तरी हाताने काही पुसू नका.

———

काकांच्या क्रमाला माझं अनुमोदन, पण डीफ्रॅगकडून फार अपेक्षा नको. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेऱ्या) डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा तो भाग डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभराच्या आतच होतात, आणि विंडोज सुरू होताना नेमकी तशीच वाचनं हजारोंनी लागतात. सी ड्राइव्हसाठी अडीच इंची साटा (डिस्क बोर्डाला जोडायचा एक प्रकार) एसएसडी घ्या, जुनी डिस्क फोटोंना ठेवा. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 'सस्पेंड' करा आणि रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा कोड) कागदावर लिहून ठेवा.

———

एचडीडीच आहे. ०५, सी५, सी६ शून्य. पण सी७ समोर शेवटी '२सी' दिसतंय?

———

तो आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पटीने मोजायची पद्धत) आहे, म्हणजे आपल्या मोजणीत ४४. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यात डेटा जाता-येता झालेल्या चुका. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. चूक झाली की तोच डेटा पुन्हा पाठवावा लागतो, त्यानेही डिस्क रखडते. बंद करून वीज काढा, साटा केबल दोन्ही टोकांना नीट बसवा, केबलची क्लिप सैल असेल तर केबल बदलूनच टाका. हा आकडा कधी कमी होत नाही, तेव्हा ४४ लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा. तिथेच थांबला असेल तर साफसफाईला लागा, वाढला तर केबल दुसऱ्या पोर्टात लावून पाहा.